ओव्हर!

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेबारा. बाबांच्या छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम फुटला आणि आईने मला हाक मारली. ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांत दारात! मनात म्हटलं, चला, अर्धी लढाई जिंकलो.

कसलं काय! वाटेत ॲम्ब्युलन्समधल्या ब्रदरने हॉस्पिटलला मोबाइल लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला आणि ‘एक मिनिट हं’ म्हणून होल्डवर टाकला. ती होल्डची ट्यून ऐकत ऐकतच आम्ही गेटात शिरलो. आत कुणालाच काही माहीत नव्हतं. ‘काय होतंय? वय किती? शुगर आहे? आधी कधी झालं होतं?’ हा पाढा मी चार वेगवेगळ्या लोकांसमोर म्हटला. पहिला ईसीजी निघेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली होती.

बाबा आता ठणठणीत आहेत. एक स्टेंट आणि आमटीत मीठ नसल्याची रोजची कुरकुर, एवढंच. पण ती पंचवीस मिनिटं काही माझ्या डोक्यातून जाईनात.

माझी मामेबहीण लंडनमध्ये कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, ‘अगं, आमच्याकडे पेशंटच्या आधी पेशंटची बातमी येते.’

म्हणजे कसं, तर गाडीतला माणूस रेडिओवरून कंट्रोल रूमला सांगतो आणि कंट्रोल रूम हॉस्पिटलच्या लाल फोनवर. त्या फोनचं दुसरं काही काम नाही. तो वाजला की काहीतरी सीरियस येतंय, हे सगळ्यांना कळतं. सांगायचं काय, तेही ठरलेलं. वय, स्त्री की पुरुष, काय घडलं, दुखापत किंवा आजार काय, आत्ताची अवस्था आणि किती मिनिटांत पोचतोय. सहा गोष्टी, त्याच क्रमाने. इंग्रजी आद्याक्षरं जोडून याला ‘ॲशाइस’ म्हणतात. अर्ध्या मिनिटात काम खल्लास! गाडी येईपर्यंत बेड रिकामा, डॉक्टर हजर, मशीन चालू.

आणि हे काही कालपरवाचं नाही. अमेरिकेत मायामीला डॉ. यूजीन नेगल यांनी १९६७ साली फायर ब्रिगेडच्या लोकांना हाताशी धरून पेशंटचा ईसीजी रेडिओवरून थेट हॉस्पिटलात पाठवून दाखवला. डॉक्टर तिथे हॉस्पिटलात, पेशंट इकडे रस्त्यावर, आणि हृदयाचा आलेख मधल्या हवेतून! मी मात्र त्या रात्री खिशात चकाचक स्मार्टफोन घेऊन होल्डची ट्यून ऐकत होते.

तुम्ही म्हणाल, मग रेडिओच कशाला? मोबाइल आहे की! मलाही हेच वाटायचं. फंडा असा आहे, की एका टॉवरवर एका वेळी ठरावीकच कॉल मावतात. सगळ्या शहराने एकदम फोन उचलला की लाइन जाम, आणि त्या रांगेत ॲम्ब्युलन्सही तुमच्या-आमच्या मागे उभी. रेडिओला त्यांची स्वतःची राखीव फ्रीक्वेन्सी असते. शिवाय मोबाइलवर एकाला सांगितलं तर एकालाच कळतं. रेडिओचं बटण दाबलं की त्या चॅनलवरचे सगळे एकदम ऐकतात. अट एकच. एका वेळी एकानेच बोलायचं. म्हणून तो ‘ओव्हर’. म्हणजे माझं झालं, आता तू बोल. आणि ‘आउट’ म्हणजे बोलणंच संपलं. सिनेमातला हीरो जे ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतो ना, त्याला खरं तर काही अर्थच नाही!

ही रांग किती महागात पडते, ते लंडनने ७ जुलै २००५ला पाहिलं. चार बॉम्बस्फोट झाले, ५२ निरपराध माणसं गेली. त्या सकाळी मोबाइल नेटवर्क तुंबलं आणि ॲम्ब्युलन्सचे मॅनेजर घटनास्थळावरून कंट्रोल रूमशी बोलायला नेमके मोबाइलवरच अवलंबून होते. कुठे किती जखमी, किती गाड्या हव्यात, हे वेळेत कळेना. रसेल स्क्वेअरजवळच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला तर कुणी रीतसर कळवलंही नव्हतं. तिथले लोक आपणहून मदतीला धावले. लंडन असेंब्लीच्या २००६च्या अहवालात हे सगळं आलंय. पुढे मॅनेजर लोकांच्या हातात पुन्हा पेजर आले. हो, तेच आपण कधीच भंगारात काढलेले पेजर! ॲम्ब्युलन्ससाठी एअरवेव्ह नावाचं डिजिटल रेडिओ नेटवर्क आलं, आणि २००८च्या अखेरीपर्यंत ते भुयारी स्टेशनांतही पोचलं. ते बंद करून सगळं मोबाइल नेटवर्कवर न्यायचं, असे करार २०१५मध्ये झाले. मुदत होती २०१९ची. ती उलटून गेली तरी जुना रेडिओ चालूच ठेवावा लागला. असो.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नकोच. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हा घरच्यांचा फोन लागावा म्हणून अख्खं शहर एकाच वेळी तेच बटण दाबत होतं. फोन न लागण्याची ती धडधड विसरता येत नाही. त्या गर्दीत एखादा ॲम्ब्युलन्सवालाही कुठल्यातरी हॉस्पिटलचा नंबर फिरवत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता रेडिओ आणि लाल फोन बसवणं काही माझ्या हातात नाही. पण दोन गोष्टी हातात होत्या, त्या केल्या. एक, जवळच्या हॉस्पिटलात जाऊन कॅज्युअल्टीचा थेट नंबर मागून घेतला. बोर्डावरचा नाही, थेट. रिसेप्शनच्या मुलीने आधी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण दिला. दुसरं, त्या सहा ओळींचा कागद करून फ्रिजवर लावला. बाबांचं वय, जुने आजार, रोजच्या गोळ्या, सगळं आधीच भरलेलं. उरलेलं त्या वेळी सांगायचं. पुन्हा वेळ आलीच, तर ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्या मी हा फोन करणार, आणि पाढा एकदाच म्हणणार.

रविवारी रंगीत तालीम केली. मी घड्याळ लावून वाचलं, सत्तावीस सेकंद. आई म्हणाली, अभद्र काहीतरी करत बसते. बाबा खुर्चीत बसून शांतपणे ऐकत होते. शेवटची ओळ झाल्यावर म्हणाले, ‘सगळं बरोबर आहे. फक्त मला सदुसष्ट लागलंय, तू सहासष्ट लिहिलंयस. ओव्हर.’