‘यात मिळते काय?’

संगणकशास्त्र शिकणारी काही मुले हल्ली रात्री जागून असे एक काम करीत असतात की, ज्याचे वेतन त्यांस कोणी देत नाही, ज्याला परीक्षेत गुण नाहीत आणि ज्याचे नावही घरच्या वडील माणसांस नीट सांगता येत नाही. एखादी संगणकभाषा जिच्यासाठी तिच्या कर्त्यांनी मुळात रचली नाही, अशा परक्या कार्यप्रणालीवर ती चालती करून देणे, हे ते काम होय. आमच्या सोलापुरात मुलाने पदवी घ्यावी, पुण्यास जावे आणि पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवावेत, ही अपेक्षा सुशिक्षित घरांतूनही धर्मवचनासारखी पाळली जाते. तेथे या उद्योगाविषयी एकच प्रश्न निघतो : ‘यात मिळते काय?’ प्रश्न गैर नाही. परंतु तो ज्या तुच्छतेने विचारला जातो ती आम्हांस मान्य नाही, आणि तिचा समाचार घेणे अवश्य वाटते.

प्रथम काम काय आहे ते पाहू. संगणकभाषेत लिहिलेली आज्ञा स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही. स्मृतीत जागा मिळविणे, फाइल उघडणे, घड्याळ पाहणे, एकाच वेळी चाललेल्या दोन कामांची टक्कर होऊ न देणे, ही सारी गृहकृत्ये तिच्यासाठी एक कारभारी करीत असतो. त्यास ‘रनटाइम’ म्हणतात. हा कारभारी कोणत्या तरी एका घरच्या रीतीभातींत वाढलेला असतो. लिनक्सच्या घरी फाइलच्या मार्गातील नावे ज्या तिरप्या रेघेने तोडतात, तिची उलटी रेघ विंडोजच्या घरी चालते. लिनक्सवर चालू असलेला कार्यक्रम आपलीच एक प्रत काढून तिला कामास जुंपू शकतो. विंडोजवर ही रीत नाही, तेथे नवा कामकरी पहिल्यापासून उभा करावा लागतो. सी भाषेतील ‘लाँग’ नावाचा आकडा 64 बिटांच्या लिनक्सवर 64 बिटांचा असतो, तर 64 बिटांच्याच विंडोजवर तो 32 बिटांचा! हा शेवटचा भेद मोठा घातकी आहे. लहान आकड्यांशी खेळत असेपर्यंत सारे सुरळीत चालते. आकडा दोनशे चौदा कोटींच्या पलीकडे गेला की हिशेब निमूटपणे खोटा होतो, आणि चूक कोठे झाली हे शोधण्यात पंधरवडा जातो. अशा शेकडो जागा असतात, आणि त्यांची यादी कोणी आगाऊ करून ठेवलेली नसते.

सोलापूरकरांस हे समजावून सांगावयास फार लांब जावयास नको. जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी भोके पाडलेल्या कार्डांवर उतरविलेली असते. परंतु एका यंत्राच्या हुकांच्या बेताने कापलेली कार्डे निराळ्या हुकांच्या यंत्रावर चढविली, तर मोराच्या जागी मोर उमटावयाचा नाही. नक्षी तीच राखून कार्डे नव्याने कापणारा कारागीर लागतो. त्या कारागिराला ‘तू नवे काय केलेस?’ असे आमच्या पूर्व भागात कोणी विचारणार नाही. मग संगणकाच्या बाबतीत ही समज कोठे जाते?

आता म्हणतात की, ‘ज्यांची भाषा त्यांनी हे करावे, आमच्या मुलांनी का मरावे?’ या म्हणण्यात व्यवहाराचे अज्ञान आहे. भाषेचा मालक आपल्या घरापुरते पाहतो, आणि त्यात नवल नाही. अ‍ॅपल कंपनीने ‘स्विफ्ट’ ही भाषा 2014 साली पुढे आणली आणि 2015 च्या डिसेंबरात तिची संहिता सर्वांस खुली केली, ती स्वतःच्या यंत्रांपुरती व लिनक्सपुरती. विंडोजवर ती अधिकृतपणे आली 2020 साली. आणि त्यामागे सलीम अब्दुलरसूल यांच्यासारख्या बाहेरच्या माणसांचा कित्येक वर्षांचा चिकाटीचा उद्योग होता. अँड्रॉइडसाठी तर अधिकृत कार्यगट स्थापन व्हावयास 2025 साल उजाडले. ‘मालक करील’ म्हणून सारेच स्वस्थ बसले असते, तर आणखी किती वर्षे गेली असती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण स्विफ्ट हा श्रीमंतांघरचा विषय आहे असे कोणी म्हणेल. ठीक आहे, पायथन घ्या, जी आज शाळकरी मुलांसही शिकवितात. गिडो व्हान रॉसम यांनी ती 1991 साली जगापुढे ठेवली. अँड्रॉइडचा पहिला फोन 2008 साली विक्रीस आला. आणि पायथनच्या अधिकृत यादीत अँड्रॉइडला जागा मिळाली ती 3.13 या आवृत्तीत, म्हणजे 2024 च्या ऑक्टोबरात. मधल्या सोळा वर्षांत फोनवर पायथन चालविणाऱ्यांची सोय कोणी पाहिली? ‘किव्ही’ आणि ‘टर्मक्स’ यांसारख्या प्रकल्पांतील स्वयंसेवकांनी. ज्या घरी संगणक नाही, बापाचा एक फोन तेवढा आहे, अशी घरे विडी घरकुलात किती आहेत हे आम्ही सांगावयास नको. त्या घरातील मुलाने पायथनची पहिली ओळ लिहिली असेल, तर ती या ‘रिकामटेकड्या’ लोकांच्या रात्रींवर लिहिली आहे.

जुन्या यंत्रांचीही हीच कथा. विंडोज 7 चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने 2020 च्या जानेवारीत थांबविला, आणि त्याच वर्षीच्या पायथन 3.9 पासून ती भाषा त्या यंत्रांवर चालेनाशी झाली. कर्त्यांचा निर्णय त्यांच्या नियमास धरूनच होता. परंतु जेथे नवे यंत्र घेण्याची ऐपत नाही तेथे नियम काय उपयोगाचा? पुढच्या आवृत्त्या विंडोज 7 वर चालतील अशा करून ठेवल्या त्याही हौशी माणसांनीच.

दुसऱ्या बाजूस एक वर्ग असा आहे की जो या कामाला ‘सेवा’ म्हणून हार घालतो आणि मोकळा होतो. हा वर्ग आम्हांस पहिल्याहून अधिक धोक्याचा वाटतो. या फुकटच्या श्रमांवर मोठमोठ्या कंपन्या आपले व्यापार उभारतात, आणि श्रम करणारा थकला तर त्याकडे ढुंकून पाहत नाहीत. 2024 साली ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरवाट घातलेली सापडली. ते साधन वर्षानुवर्षे एकटा, बिनपगारी माणूस सांभाळीत होता. तो थकलेला पाहून मदतीच्या मिषाने आलेल्याने डाव साधला. तेव्हा पैसा मिळावा हे आमचेही म्हणणे आहे. पण तो मागावयाचा वापरणाऱ्यांकडे, करणाऱ्यास हिणवून नव्हे.

याच शहराने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक केले आहे. ते 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 साली तेथेच वारले. संगणकापुढे बसलेल्या मुलांची त्यांच्याशी बरोबरी करणे हास्यास्पद होईल, आणि आम्ही ती करीत नाही. एवढेच म्हणतो की, जेथे जयंतीला त्या नावाचा अभिमान मिरवावयाचा, तेथे ‘यात मिळते काय?’ हा प्रश्न थोडा खालच्या आवाजात विचारलेला बरा.

आणि खरोखर मिळते काय, तेही ऐका. तयार प्रकल्प बाजारातून आणून, वर आपले नाव चिकटवून पदवी मिळविणारा विद्यार्थी आपणांस नवा नाही. त्याच्या शेजारी दुसरा ठेवा, ज्याने पाठविलेल्या चाळीस ओळी परदेशातील एका अनोळखी जाणत्याने वाचल्या, ‘ही सातवी ओळ इकडे चालेल, तिकडे नाही’ म्हणून परत धाडल्या, आणि ज्याने त्या चार वेळा पुन्हा लिहिल्या. शिकला कोण? आमची महाविद्यालये गुण मात्र पहिल्याला देतात.

त्यांनी निदान एक गोष्ट करावी. पायथनच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीतील प्रत्येक कार्यप्रणालीसाठी, भाषेतील हरएक बदल रात्रंदिवस तपासून पाहणारे भरवशाचे यंत्र कोठे तरी चालू असावे लागते. दुसऱ्या श्रेणीस जबाबदारी पत्करणारे दोन मुख्य कर्ते लागतात, तिसऱ्या श्रेणीस एक. हे न साधले तर ती प्रणाली यादीतून जाऊ शकते. अशी यंत्रे जगभर स्वयंसेवकांनी आणि संस्थांनी आपापल्या जागी चालू ठेवली आहेत. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत संध्याकाळी कुलूप पडते आणि सारी यंत्रे सकाळपर्यंत निजतात. त्यांतील एक जागे ठेवावे, त्याची देखरेख तिसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांकडे सोपवावी, आणि त्या देखरेखीस प्रकल्पाचे गुण द्यावेत. विजेचे बिल किती येते ते वर्षअखेर जाहीर करावे; ते भरावयास आम्ही वर्गणी काढू.