काकडीच्या रोपाला जन्मतारीख हवी

संकरित काकडीच्या बियाण्याचे पाकीट उलटून पाहिले, तर उगवणशक्तीची टक्केवारी, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, मुदत, सगळे छापलेले असते. तेच बी रोपवाटिकेच्या प्रो-ट्रेमध्ये पडून त्याचे रोप झाले की ही सगळी ओळख गळून पडते. शेतकरी ट्रे टेम्पोत चढवतो तेव्हा त्याला रोपाचा भाव ठाऊक असतो, वय नसते. १९६६च्या बियाणे कायद्याने ‘बियाणे’ या शब्दाच्या व्याख्येत रोपांनाही धरले आहे, हे लक्षात घेतले तर ही उणीव अधिकच खटकते. प्रत्येक ट्रेवर पेरणीची तारीख लिहिणे बंधनकारक करावे, आणि सुरुवात काकडीसारख्या वेलवर्गीय पिकांपासून करावी.

वेलवर्गीयच का, याचे उत्तर मुळांत आहे. वांगी, टोमॅटो, मिरची पिढ्यानपिढ्या गादीवाफ्यावरून उपटून लावली जातात. उपटताना मुळे तुटतात, रोप एक-दोन दिवस मान टाकते आणि पुन्हा उभे राहते, कारण नवी मुळे चटकन फुटतात. काकडीला ते साधत नाही. तिची मुळे जितक्या झपाट्याने वाढतात तितक्याच झपाट्याने जून होतात. त्यांच्यावर बुचासारखा थर चढतो आणि तुटल्या जागी नवे मूळ यायला वेळ लागतो. रुंद पाने मात्र तोवर पाणी उडवतच राहतात. म्हणून तर गावोगाव काकडीची टोकणी होत आली: आळ्यात दोन-तीन बिया टोचायच्या आणि त्यातले जोमदार रोप राखायचे. पावसाळी पिकाला, त्यातही राहुरीच्या ‘हिमांगी’ किंवा दापोलीच्या ‘शीतल’सारख्या सरळ वाणांना, हीच रीत आजही सरस आहे. तिथे रोपांवर खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही.

पण पॉलिहाऊसमधल्या काकडीचे गणित वेगळे. तिथले बी नगावर मोजून विकले जाते, त्यामुळे एक खाडा पडला तरी तो खिशाला कळतो. थंडीत रात्रीचा पारा उतरला की उघड्या जमिनीत बी रेंगाळते. २५ ते ३० अंश तापमानात कोकोपीटमध्ये तेच बी तीन ते पाच दिवसांत वर येते आणि साधारण बारा ते पंधरा दिवसांत दोन खरी पाने धरते. लावणीची वेळ तीच. थंडीत फार तर आठवडाभर पुढे. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधला एकेक कप्पा म्हणजे मूठभरही माती नाही. त्यात रोप महिनाभर राहिले तर मुळे भिंतीला थडकून गोल फिरू लागतात, आणि तो गुंडाळा जमिनीत गेल्यावरही लवकर सुटत नाही. टोमॅटो-मिरचीचे रोप याच ट्रेमध्ये महिन्याचे झाले तरी चालून जाते. त्याच मापाने काकडीला मोजायचे, ही आपली चूक.

यावर पहिला आक्षेप ग्राहकाचाच असतो: मोठे रोप लवकर तोड्याला येते. डोळ्यांना तसे वाटते खरे. पण दाट ट्रेमध्ये, सावलीत उंच झालेले रोप वाढलेले नसते, ताणलेले असते. शेतात सावरण्यातच त्याचे दिवस जातात आणि कोवळे रोप त्याला मागे टाकते. भोपळ्याच्या खुंटावर कलम केलेली, वयाने मोठी रोपे जपान-कोरियात यशस्वीपणे लावतात, हे मान्य. पण त्यांना मुळे पसरायला मोठा कप्पा दिलेला असतो. दुसरी तक्रार रोपवाटिकाचालकांची, आणि ती रास्त आहे. शेतकरी आगाऊ नोंदणी करतो, मग बेड तयार नसतात, ठिबक जोडायचे राहते, आणि ट्रे पडून राहतात. तारीख इथेच चालकाच्या कामाला येते: उशीर कुणाकडून झाला हे तीच सांगेल. चुकीची लावणी मात्र तारखेने झाकली जाणार नाही. भर दुपारी लावले, टोमॅटोसारखे खोड खोल गाडले किंवा तापलेल्या मल्चिंग पेपरच्या भोकाला खोड टेकू दिले, तर चौदा दिवसांचे उत्तम रोपही बुडाशी कुजते नाहीतर भाजते.

सक्ती म्हटली की निरीक्षक आणि त्याच्या मागोमाग चिरीमिरी, ही भीतीही निराधार नाही. म्हणून नवे परवाने नकोतच. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाची भाजीपाला रोपवाटिका योजना राज्यात आहे आणि तिच्यातून शेडनेटला निम्मे अनुदान मिळते. त्या अनुदानालाच पीक, वाण आणि पेरणीची तारीख ट्रेवर लिहिण्याची अट जोडावी. खर्च एका मार्कर पेनचा. कोणी खोटी तारीख टाकेल, हेही उघड आहे. पण काकडीचे रोप स्वतःच साक्ष देते. कडेचे एक रोप गड्ड्यासह अलगद वर काढावे. मुळे पांढरी, केसासारखी बारीक असावीत आणि खालची जाड बीजपत्रे हिरवी. बीजपत्रे पिवळी पडली असतील, तळाशी तपकिरी वेटोळे झाले असेल आणि ट्रेवर बारा दिवसांपूर्वीची तारीख असेल, तर तो ट्रे टेम्पोत न चढवता तिथेच ठेवता येतो.