वकिलाविना आश्रय कसला?

अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात हद्दपारीचा खटला चालतो तेव्हा सरकारची बाजू मांडायला पगारी वकील असतो. समोरच्यालाही वकील करण्याचा अधिकार आहे, पण स्वतःच्या खर्चाने. मग कॅमेरूनच्या तुरुंगातून सुटून आलेली शिक्षिका असो की काँगोतून मुलांना घेऊन पळालेला बाप, खिशात पैसे नसतील तर परक्या भाषेत, परक्या कायद्यापुढे एकट्यानेच उभे राहायचे. २००७ ते २०१२ या काळातल्या खटल्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात वकील मिळालेल्यांचे प्रमाण ३७ टक्के निघाले, डिटेन्शन सेंटरमध्ये डांबलेल्यांत तर अवघे १४ टक्के. आफ्रिकेतून येणाऱ्या आश्रयार्थींना वाट दाखवणे हे आजवर चर्च, विधी महाविद्यालये आणि सेवाभावी संस्थांच्या दयेवर सोडलेले काम आहे. आमच्या मते तो न्यायदानाचाच भाग आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे.

असे का म्हणावे लागते, ते टोगोच्या फौजिया कासिंद्जाच्या प्रकरणातून कळते. वडील वारल्यावर नातेवाइकांनी तिचे लग्न एका प्रौढ, आधीच बायका असलेल्या माणसाशी ठरवले आणि त्याआधी तिची खतना करायची असेही ठरले. ती पळाली. घाना, जर्मनी असा प्रवास करून डिसेंबर १९९४ मध्ये न्यूअर्क विमानतळावर उतरली तेव्हा ती १७ वर्षांची होती. आपला पासपोर्ट खोटा आहे हे तिने स्वतः सांगितले आणि आश्रय मागितला. उत्तरादाखल तिला कोठडी मिळाली. न्यायाधीशांपुढे तिची बाजू मांडली ती कायद्याच्या एका विद्यार्थिनीने. ऑगस्ट १९९५ मध्ये निकाल आला: हकीकत विश्वासार्ह नाही, अर्ज नामंजूर. पुढे कॅरेन मुसालो या अनुभवी वकील अपिलात उतरल्या, वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले, आणि सुमारे १६ महिन्यांच्या कैदेनंतर एप्रिल १९९६ मध्ये ती बाहेर आली. जूनमध्ये अपील मंडळाने तिला आश्रय दिला आणि खतनेची भीती हा आश्रयाचा आधार ठरू शकतो हे तत्त्व मान्य केले. पुढे असंख्य स्त्रियांना या निकालाचा आधार मिळाला. निकालपत्रात तिचे आडनाव मात्र ‘कासिंगा’ असे आहे. अधिकाऱ्यांनी ते चुकीचे लिहिले आणि इतिहासातही तसेच गेले.

ऑगस्टमधली हकीकत आणि जूनमधली हकीकत एकच होती. ती पुराव्यासह, कायद्याच्या चौकटीत बसवून मांडणारे माणूस दुसऱ्या वेळी तिच्या शेजारी होते.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी संसदेने आश्रयाची वाट अरुंद केली. देशात पाऊल ठेवल्यापासून एका वर्षात अर्ज केला पाहिजे, अशी अट आली. तिला अपवाद आहेत, पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. ब्राझील किंवा इक्वेडोरला उतरून, दारिएनचे जंगल पायी ओलांडून, मेक्सिकोत तापाचुलाला महिनोन्‌महिने अडकून आलेला माणूस पहिल्या वर्षात निवारा शोधतो, कामाच्या मागे लागतो. अशी मुदत असते हेच त्याला ठाऊक नसते. अर्ज इंग्रजीतच भरावा लागतो. नुसता छळ झाला एवढे पुरत नाही; तो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी कोणत्या कारणाने झाला ते दाखवावे लागते. २००५ च्या कायद्यानंतर तर मूळ मुद्द्याशी संबंध नसलेली किरकोळ विसंगतीही अविश्वासाला पुरेशी ठरू शकते. ज्याला मारहाण झाली त्याला तारीख बिनचूक आठवेलच असे नाही, हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. त्यात आश्रय कार्यालयातल्या मुलाखतीला दुभाषा अर्जदारानेच आणायचा असतो. लिंगाला, फुलानी किंवा तिग्रिन्या जाणणारा भरवशाचा दुभाषा छोट्या गावात मिळणार कुठून?

आणखी एक सापळा पत्त्याचा. घर बदलले की इमिग्रेशन खात्याला वेगळे कळवायचे आणि कोर्टाला वेगळे; कोर्टाला तर पाच दिवसांत. एकाला सांगितलेले दुसऱ्याला कळत नाही. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तारीख चुकते आणि गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो. नातेवाइकांच्या सोफ्यावर, मग निवारा केंद्रात, मग दुसऱ्या शहरात असे दिवस काढणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज घडते. अशा गोंधळात ‘फॉर्म भरून देतो’ म्हणत पैसे उकळणाऱ्या दलालांपासून आश्रयार्थींना वाचवणे महत्त्वाचे. वकील परवडत नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेले, वकील नसलेले प्रतिनिधीही बाजू मांडू शकतात. ही साधी माहितीही अनेकांपर्यंत पोचत नाही.

आता तर वाट आणखी बिकट झाली आहे. आश्रयाचा अर्ज विनाशुल्क असे. जुलै २०२५ च्या कायद्याने त्यावर १०० डॉलर लावले आणि अर्ज प्रलंबित राहील तेवढी वर्षे दरवर्षी आणखी १०० डॉलर. विलंब सरकारी यंत्रणेचा, दंड मात्र अर्जदाराला. जून २०२५ मध्ये सुदान, सोमालिया, इरिट्रिया, चाड अशा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली. त्याच्या महिनाभर आधी दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानेरांची पहिली तुकडी निर्वासित म्हणून खास विमानाने वॉशिंग्टनजवळ उतरली होती आणि वरिष्ठ अधिकारी स्वागताला हजर होते. सुदानच्या दारफूरमध्ये गावेच्या गावे जाळली जात असताना हा भेद उघडपणे केला गेला, याचा निषेध झाला पाहिजे.

अमेरिकेला हे सुनावताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदा नाही आणि दिल्लीत राहणाऱ्या सोमाली निर्वासिताचा आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने दिलेले कार्ड. पण म्हणून अमेरिकेची जबाबदारी कमी होत नाही. तिने १९८० मध्ये स्वतःच्या कायद्यात आश्रयाचे वचन लिहून ठेवले आहे.

मार्ग नाही असे नाही. न्यूयॉर्क शहराने २०१३ पासून डांबून ठेवलेल्या स्थलांतरितांना शहराच्या पैशातून वकील द्यायला सुरुवात केली. मेन राज्यातल्या पोर्टलंडने २०१९ च्या उन्हाळ्यात काँगो आणि अंगोलातून आलेल्या शेकडो लोकांसाठी आपले बास्केटबॉलचे क्रीडागृह उघडले आणि नागरिकांनी देणग्या दिल्या. शहरांनी केलेले हे काम आता संघराज्याने आपल्या अंदाजपत्रकात घ्यावे. निदान कोठडीतल्या माणसाला आणि एकट्या आलेल्या मुलाला वकिलाविना न्यायाधीशांपुढे उभे करू नये.

फौजियाला पहिल्यांदा कोंडले ते न्यू जर्सीतल्या एलिझाबेथला. तिथून एडिसन मोटारीने अर्ध्या तासावर आहे आणि त्या परिसरात हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यांत डॉक्टर पुष्कळ आहेत. अंगावरच्या जुन्या जखमांची तपासणी करून दिलेला वैद्यकीय अहवाल आश्रयाच्या खटल्यात मोलाचा पुरावा ठरतो, आणि असे अहवाल विनामूल्य देणाऱ्या डॉक्टरांची आश्रयार्थींना मदत करणाऱ्या तिथल्या संस्थांना सतत गरज असते. त्यासाठीचे प्रशिक्षणही या संस्था देतात. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी आपल्या डॉक्टर आणि वकील सभासदांची यादी करून ती या संस्थांकडे द्यावी.