वर्षातून एक सही पुरत नाही

प्रति,
फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन,
वॉशिंग्टन



हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) २०१२ साली प्रसिद्ध केला आणि तुमच्या नावे १२ शिफारशी केल्या. त्यातले आकडे तुमच्या दफ्तरी आहेत. तरीही ते पुन्हा मांडतो, कारण त्यांतला मुख्य मुद्दा तुम्ही बाजूला ठेवला आहे.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या खासगी विमानांत आमच्या हौशी बांधणीच्या विमानांची संख्या १० टक्क्यांच्या घरात होती. अपघातांत वाटा १५ टक्के, प्राणघातक अपघातांत २१ टक्के. त्या एका वर्षातले अपघात २२४. कारणांत दोन सर्वांत वरची: इंजिन बंद पडणे आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणे. अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने दुसऱ्याकडून विकत घेतलेली होती. त्यांतले १४ अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले. पहिल्याच!

नवे विमान बांधणाऱ्यावर तुमची नजर असते, हे मान्य. निम्म्याहून जास्त काम हौशी हातांनी केल्याचा पुरावा तुम्ही मागता. इंजिन आणि पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर २५ तास, नसेल तर ४० तास वस्तीपासून दूर चाचणी घ्यायला लावता. पण विमान विकले गेले की ही सगळी काळजी संपते. वार्षिक तपासणीचा हक्क देणारा रिपेअरमनचा दाखला बांधणाऱ्याकडेच राहतो. नव्या मालकाला चाचणीचे तास लागू नाहीत. देखभालीचे तुमचे नेहमीचे नियम या विमानांना लागूच होत नाहीत, त्यामुळे पाना हातात धरणारा कोणीही इंजिन उघडू शकतो. वर्षातून एकदा मेकॅनिकने तपासून सही केली की झाले. त्या मेकॅनिकने तसले विमान पूर्वी पाहिलेले असेलच असे नाही, आणि इंधनाची नळी कुठून कशी नेली आहे हे बांधणाऱ्याच्या डोक्यात, कागदावर नाही.

इंजिन बंद पडते ते अनेकदा इंधनाच्या अशाच वाटेवर. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने टाकीच्या आतला जुना लेप सुटू शकतो, त्याचे तुकडे गाळणीत अडकतात. जमिनीवर इंजिन सुरळीत चालते. टेकऑफला नाक वर जाते, इंधनाची गरज सर्वांत जास्त होते आणि नेमके तेव्हाच ते कमी पडते. सुखरूप उतरण्याइतकी उंची नसते.

ही खोट पकडायला एक दुपार पुरते. विमानाचे नाक चढाईच्या कोनात उचलायचे, टाकीत थोडेच इंधन ठेवायचे, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून भांड्यात धार धरायची आणि घड्याळ लावायचे. पंप असेल तर इंजिनाच्या कमाल गरजेच्या १२५ टक्के, नुसत्या उतारावर इंधन येत असेल तर १५० टक्के प्रवाह मिळाला पाहिजे. हे तुमच्याच मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. मार्गदर्शक, म्हणजे ज्याला वाटेल त्याने करावे!

२०१४ मध्ये तुम्ही चाचणीच्या तासांत दुसरा वैमानिक सोबत घेऊ दिलात. चांगले केलेत. पण जुने विमान विकत घेणाऱ्याला ते चाचणीचे तासच नाहीत, मग त्याला त्याचा उपयोग काय? तुम्ही प्रवाशासमोर इशाऱ्याची पाटी लावायला सांगता आणि मोकळे होता. शेजारी बसलेल्या मुलीने ती पाटी वाचून गाळणीतला कचरा ओळखायचा का?

आमच्यातलेच काही म्हणतील, नियम वाढले तर हौस मरेल. पण अपघाताने हौस जास्त मरते, आणि माणसेही.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. विमान विकताना इंधनव्यवस्थेचा नकाशा आणि देखभालीची पूर्ण नोंद देणे सक्तीचे करा. मालक बदलला किंवा इंधनव्यवस्थेत फेरफार झाला की प्रवाहाची चाचणी झाल्याशिवाय उड्डाणाला मनाई करा. नव्या मालकाला जाणकार वैमानिकासोबत ठरावीक तास उडवायला लावा, त्याआधी प्रवासी बसवू देऊ नका.

यासाठी नवा अभ्यास नको, नवी समिती नको. अभ्यास २०१२ मध्येच झाला आहे. नियम करा.

आपला,
स्वतःचे विमान बांधणारा एक मराठी इंजिनियर