मोफत कार्यक्रमाचे भाडे कोण भरते?

गेल्या रविवारी एका छोट्या पुस्तकाच्या दुकानात आपल्याच एका तरुण लेखकाशी गप्पांचा कार्यक्रम होता. प्रवेश मोफत, चहा मोफत. खुर्च्या संपल्या, पोरं-पोरी सतरंजीवर बसली, काही दारात उभी राहिली. साठेक जण तरी असतील. रात्री सगळ्यांच्या स्टेटसवर 'हाऊसफुल्ल' फिरत होते. सगळे गेल्यावर मी सतरंज्या गोळा करायला थांबले आणि दुकानदारकाकांना सहज विचारले, किती प्रती गेल्या? ते म्हणाले, "सहा. त्यातल्या दोन लेखकाच्या भावाने घेतल्या."

मित्रांनो, हा लेख त्या सहा प्रतींबद्दल आहे.

हिशोब साधा आहे. दोनशे रुपयांचे पुस्तक विकले तर कमिशन म्हणून दुकानदाराच्या हाती साठ-सत्तर रुपये पडतात. सहा प्रतींचे झाले चारशेच्या आसपास. साठ जणांचा चहा दहा रुपयांप्रमाणे सहाशे. म्हणजे आपण ज्याला चळवळीचा यशस्वी कार्यक्रम म्हणालो, तो त्या माणसाने पदरचे पैसे घालून केला. भाडे आणि लाइटबिल तर मी धरलेलेच नाही.

मी हे वरून सांगत नाही. एम.ए.ला असताना अशाच एका दुकानात मी पहिल्यांदा गेले ती 'प्रवेश मोफत' ही पाटी वाचून. काचेचे दार ढकलायचे धाडस होत नव्हते. आत गेले आणि सगळ्यात मागे बसले. शेवटी प्रश्न विचारला तेव्हा आवाज कापत होता, पण वक्त्याने तो टाळला नाही, उलट त्यावर वीस मिनिटे बोलला. एका लेखकाशी मी बरोबरीने वाद घातला, तो आयुष्यातला पहिला प्रसंग. निघताना पुस्तक हातात घेऊन किंमत बघितली आणि परत ठेवले. दुकानदाराने ते पाहिले असावे. "घेऊन जा, जमेल तसे दे," म्हणाले. मी ते पैसे तीन हप्त्यांत फेडले.

पुढे मला नोकरी लागली. त्या दुकानात मी पुढची काही वर्षे कार्यक्रमांना जात राहिले. ते दुकान बंद झाले तेव्हा घरातल्या कपाटात शोधले, तर तिथून पैसे मोजून घेतलेली पुस्तके निघाली चार. बाकीची मी ऑनलाइन सवलतीत घेतली होती. म्हणजे ज्या दाराने मला आत घेतले, ते बंद करण्यात माझाही वाटा आहे. हे आधी कबूल करते, मग पुढे बोलते.

अशा वेळी आपल्यातलेच शहाणे लगेच म्हणतात, "आपली माणसे वाचतच नाहीत." हे साफ खोटे आहे. ६ डिसेंबरला दादरला या आणि शिवाजी पार्कातले पुस्तकांचे स्टॉल बघा. रात्रभर जनरल डब्यात उभे राहून आलेली मावशी लुगड्याच्या ओच्यातून पैसे काढून पुस्तक घेते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तेच चित्र असते. देव्हारा सोडून आलेल्या समाजाने घरात पुस्तक आणले, हा आपला इतिहास आहे. मग अडते कुठे? आपली खरेदी वर्षातल्या मोजक्या दिवसांना बांधली गेली आहे आणि दुकानाचे भाडे बारा महिने असते. दुकानातला लेखकाचा कार्यक्रम म्हणूनच महत्त्वाचा. एरवीच्या मंगळवारी, एरवीच्या रविवारीही माणसाला पुस्तकाजवळ आणण्याची ती एक रीत आहे.

'हे लोक वाचत नाहीत' हे वाक्य फक्त आपल्यालाच ऐकवले गेलेले नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये लुईस मिशॉ नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने १९३०च्या दशकात पुस्तकाचे दुकान काढले. बँकेने कर्ज नाकारताना काळे लोक वाचत नाहीत हेच कारण दिले, असे ते सांगत. मोजक्या पुस्तकांवर सुरू झालेले ते दुकान पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरच्या ग्रंथांचे अमेरिकेतले मोठे केंद्र बनले. 'नॅशनल मेमोरियल आफ्रिकन बुकस्टोअर' हे त्याचे नाव. ज्याच्याकडे पैसे नसत तो तिथे बसून वाचत असे. दुकानासमोरच्या चौकात सभा होत आणि माल्कम एक्स तिथे उभे राहून बोलत. तिकीट नव्हते, निमंत्रणपत्रिका नव्हती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या हार्लेमला लागूनच आहे. त्यांच्या काळात हे दुकान नव्हते. पण त्याच शहरात पोट मारून जुनी पुस्तके विकत घेणारा आपला बाप आपल्याला ठाऊक आहे.

या दुकानाशी जोडलेली १९५८ची एक घटना आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. त्या वर्षी माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावरचे मार्टिन ल्यूथर किंग यांचे पुस्तक आले. २० सप्टेंबरला हार्लेममध्ये त्यांच्या स्वाक्षरीचा कार्यक्रम ठरला, तो ब्लमस्टाइन्स या गोऱ्या मालकाच्या मोठ्या दुकानात. तिथे कपडे, फर्निचर असा माल मिळे. याच दुकानाने कृष्णवर्णीयांना विक्रेते म्हणून ठेवायला नकार दिला होता, म्हणून १९३४ साली लोकांनी त्यावर बहिष्कार घातला होता. आणि त्याच रस्त्यावर मिशॉंचे पुस्तकाचे दुकान उभे होते! मिशॉंनी जाहीर निषेध केला. त्या कार्यक्रमात किंग यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला, ते वाचले, आणि इतिहासाला साहजिकच हल्ला लक्षात राहिला. मिशॉंचा प्रश्न मागे पडला. तो प्रश्न असा: पुस्तक आपल्या लढ्याचे, वाचक आपले, मग गल्ला कुणाचा भरायचा?

हाच प्रश्न मी आज आपल्या लेखकांना विचारते. पहिले पुस्तक निघाले तेव्हा छोट्या दुकानाने सतरंजी टाकून तुमचा कार्यक्रम केला. नाव झाल्यावर प्रकाशन कुठे होते? एसी सभागृहात, ज्याचे भाडे देणगी गोळा करून भरले जाते. मंचावर बारा पाहुणे, प्रत्येकाचा सत्कार, आणि लेखकाच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटे. पुस्तकाचे टेबल कुठेतरी जिन्याखाली.

काही जण म्हणतील, विहार असताना दुकानाची गरज काय? विहारात कार्यक्रम व्हायलाच हवेत. पण वस्तीबाहेरचा, दुसऱ्या जातीतला एखादा मुलगा कुतूहल म्हणून आपल्या विहारात सहज येईल का? दुकानात तो येतो. घरी 'पुस्तक आणायला जाते' एवढेच सांगून आलेली मुलगीही तिथे निवांत बसू शकते. दुकानात मंच नसतो, म्हणून वक्त्याला आडवा प्रश्न विचारता येतो. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळेही होती. पुस्तक आणि त्यावरची चर्चा त्यांनी एकत्रच मांडली होती.

दुसरा आक्षेप पीडीएफचा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने पीडीएफ जरूर वाचावी, मी स्वतः वाचली आहे. पण पगारदार माणसाने फुकटची पीडीएफ ग्रुपवर टाकून 'प्रबोधन' केले म्हणू नये. पुण्यात विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी सुगावा प्रकाशन कसे चालवले, ते जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. एकेक पुस्तक काढायला किती खस्ता खाव्या लागतात, ते कळेल.

याचा अर्थ कार्यक्रमाला तिकीट लावा असा मुळीच नाही. तिकीट असते तर मी त्या दिवशी दारातूनच परत गेले असते. मोफत दार मोफतच राहिले पाहिजे. ते कुणी उघडे धरायचे, एवढाच वाद आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: ज्याला महिन्याला पगार मिळतो त्याने. कार्यक्रमाला गेलात तर एक प्रत घ्या, तीही त्याच दुकानातून, छापील किमतीत. जमले तर दुसरी प्रत पैसे देऊन गल्ल्यावरच ठेवा. खिशात पैसे नसलेला एखादा विद्यार्थी ती नेईल, आणि कुणी दिली हे त्याला कळायचीही गरज नाही. आयोजकांनी सत्कार बंद करून तो वेळ प्रश्नांना द्यावा, आणि पहिला प्रश्न मागे बसलेल्या मुलीला विचारू द्यावा.

मिशॉंचे दुकान वाचकांनी चार दशके चालवले. त्या जागेवर सरकारी इमारत उभारायची ठरली, १९६८ साली दुकान हलवावे लागले आणि १९७४च्या सुमारास ते बंद पडले. आपल्याकडे मात्र दुकान बंद पाडायला सरकारी इमारतीचीही गरज पडत नाही. साठ माणसे आणि सहा प्रती एवढे पुरते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी काकांच्या दुकानात पुन्हा कार्यक्रम आहे. मी दोन प्रतींचे पैसे आधीच देऊन आले आहे. तुम्ही या, आणि येताना पाकीट घरी विसरू नका.

जय भीम!