कॉम्प्युटर दुरुस्तीचा गेम लाखोंनी खेळला, पण खरा कॉम्प्युटर उघडता येईल का?

ग्राहकाचा ईमेल येतो. कॉम्प्युटर सुरू होतो, पण पाच मिनिटांत आपोआप बंद पडतो. तुम्ही कॅबिनेटचे स्क्रू काढता, बाजूचा पत्रा उतरवता, कूलर काढता. प्रोसेसरवर थर्मल पेस्टच नाही! पेस्ट लावायची, कूलर बसवायचा, वायरी जोडायच्या आणि मशीन सुरू करून पाहायचं. डिस्प्ले आला की काम फत्ते, पैसे खात्यात जमा.

हे सगळं घडतं स्क्रीनवर. हातात ना स्क्रू ड्रायव्हर, ना धूळ. गेमचं नाव आहे 'पीसी बिल्डिंग सिम्युलेटर'.

वरवर पाहता हा टाइमपास गेम. पण ज्या काळात मेमरीच्या किमती भडकल्या आहेत आणि लॅपटॉपचे पार्ट बोर्डलाच चिकटवले जात आहेत, त्या काळात हा गेम एक अवघड प्रश्न समोर ठेवतो. तो काय, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

गेम नेमका आहे तरी काय?

रोमानियातल्या क्लॉडिऊ किस या डेव्हलपरने हा गेम तयार करायला सुरुवात केली. 'द इरेग्युलर कॉर्पोरेशन' या ब्रिटिश कंपनीने तो बाजारात आणला. मार्च २०१८ मध्ये अपूर्ण अवस्थेतली आवृत्ती लोकांना खेळायला मिळाली आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण गेम आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये एपिक गेम्स स्टोअरने तो काही दिवस मोफत दिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा दुसरा भाग आला.

करिअर मोडमध्ये काकांचं दुकान तुमच्या ताब्यात येतं. कुणाला व्हायरस काढून हवा असतो, कुणाला नवं ग्राफिक्स कार्ड, तर कुणाला ठरलेल्या बजेटमध्ये नवा कॉम्प्युटर असेंबल करून. काम चुकलं की रेटिंग घसरतं.

यातले पार्ट काल्पनिक नाहीत. एएमडी, एमएसआय, कोर्सेअर अशा खऱ्या कंपन्यांची खरी मॉडेल्स गेममध्ये आहेत. प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट जुळलं नाही, तर गेम पुढे जाऊ देत नाही. एसएमपीएसची वॉटेज कमी पडली, तर मशीन चालत नाही. मशीनचा वेग मोजायला खऱ्या दुनियेत वापरली जाणारी थ्रीडीमार्क ही चाचणीही आहे.

यातून खरंच काही शिकायला मिळतं का?

मिळतं, पण अर्धं. कोणता पार्ट कुठे बसतो, काय कशाला जुळतं, बिघाड शोधताना कोणत्या क्रमाने जायचं, हे डोक्यात पक्कं होतं. ज्याने कधी कॅबिनेट उघडलेलं नाही, त्याची भीती जाते. महागडा पार्ट मोडण्याची धास्ती नसल्यामुळे चुका करायलाही वाव मिळतो.

पण हाताचं कौशल्य माऊसच्या क्लिकने येत नाही. रॅम बसवताना किती जोर लावायचा, वाकलेली पिन कशी सरळ करायची, हे गेम शिकवू शकत नाही. डिस्प्ले येत नसेल तर रॅम काढून तिचे पॉइंट खोडरबरने पुसायचे आणि परत लावायची, हा आपल्याकडच्या प्रत्येक रिपेअरवाल्याचा पहिला उपाय. तो गेममध्ये सापडणार नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आयटीआयच्या हार्डवेअर ट्रेडमध्ये शिकलेली मुलं चिप लेव्हलचं काम करतात. गेममध्ये मात्र खराब पार्ट काढून नवा लावला की विषय संपतो.

आणि इथेच खरी गोम आहे. गेम एक गोष्ट गृहीत धरतो: पार्ट काढता येतो आणि नवा पार्ट विकत मिळतो. प्रत्यक्षात ही दोन्ही गृहीतकं आता डळमळीत झाली आहेत.

पहिलं गृहीतक: पार्ट काढता येतो

गेममध्ये सगळा कारभार डेस्कटॉपभोवती फिरतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात मात्र लॅपटॉप आहे. पूर्वी लॅपटॉपच्या मागचं झाकण काढून रॅम वाढवता यायची. आज अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली असते. ॲपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये हे केलं. २०२० मध्ये आलेल्या एम-१ चिपमध्ये तर मेमरी थेट प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच गेली. इंटेलनेही २०२४ च्या लूनार लेक प्रोसेसरमध्ये तोच मार्ग धरला.

यामागे फक्त कंपन्यांचा लोभ आहे, असं म्हणणं अर्धवट ठरेल. मेमरी प्रोसेसरच्या जवळ असली की वीज कमी लागते, वेग वाढतो, मशीन पातळ होतं. सहज दुरुस्त होणाऱ्या लॅपटॉपसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीलाही २०२५ मध्ये आपल्या डेस्कटॉपमध्ये सोल्डर केलेली मेमरी द्यावी लागली. त्या प्रोसेसरला लागणारा वेग सुट्या रॅमने मिळत नव्हता, असं कारण कंपनीने दिलं.

पण याची किंमत ग्राहक मोजतो. आज ८ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि तीन वर्षांनी तो अपुरा पडला, तर ८ जीबी वाढवायचा पर्याय नाही. रॅम खराब झाली, तर बहुतेक वेळा आख्खा बोर्ड बदलण्याची वेळ येते. तो खर्च ऐकून अनेक जण नवा लॅपटॉपच घेतात आणि जुना कपाटात किंवा भंगारात जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

दुसरं गृहीतक: नवा पार्ट विकत मिळतो

गेममधल्या दुकानात रॅम कधी संपत नाही. खऱ्या बाजारात २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे दर झपाट्याने चढले.

कारण एआय. डेटा सेंटरमधल्या चिप्सना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. ती आणि आपल्या कॉम्प्युटरची रॅम एकाच प्रकारच्या सिलिकॉनच्या चकत्यांवर, म्हणजे वेफरवर तयार होते. मायक्रॉन कंपनीच्या म्हणण्यानुसार तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर-५ रॅमच्या साधारण तिप्पट वेफर लागतात. म्हणजे एआयसाठी एक जीबी बनली की साधी रॅम तीन जीबीने कमी होते.

त्यात मेमरीच्या बाजारावर तीनच कंपन्यांची पकड आहे: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं जातात. मग असलेला माल कुणाला विकायचा? जास्त पैसे देणाऱ्याला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. घरच्या घरी रॅम आणि एसएसडी बदलणाऱ्यांसाठी हे २९ वर्षं जुनं, ओळखीचं नाव होतं.

याआधी २०२२ मध्ये ईव्हीजीए कंपनीने ग्राफिक्स कार्डच्या धंद्यातून अंग काढून घेतलं होतं. गंमत म्हणजे या कंपनीची कार्डं गेममध्ये अजूनही विकत मिळतात.

मग कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाने २०२४ मध्ये 'राइट टू रिपेअर'चा निर्देश मंजूर केला. सदस्य देशांमध्ये तो लागू करण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरली. फ्रान्समध्ये २०२१ मध्येच लॅपटॉप आणि मोबाइलवर दुरुस्ती किती सोपी आहे, याचे गुण छापणं सक्तीचं झालं होतं.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. २०२४ मध्ये 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'साठी वेगळी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. त्यात भर आहे तो स्मार्टफोन आणि टॅब्लेटवर. लॅपटॉपवाल्यांना वाट पाहावी लागणार आहे. आणि पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. रॅम सोल्डर करू नका, असं कंपनीला सांगणारा नियम आपल्याकडे नाही.

आपण काय करू शकतो?

लॅपटॉप घेताना एक प्रश्न नक्की विचारा: रॅम ऑनबोर्ड आहे की स्लॉटमध्ये? ऑनबोर्ड असेल, तर आजची नाही, चार-पाच वर्षांनंतरची गरज धरून रॅम निवडा. एसएसडी बदलता येते का, बॅटरी सुटी मिळते का, जवळ सर्व्हिस सेंटर आहे का, हेही बघा. काम एका जागी बसूनच होत असेल, तर असेंबल केलेला डेस्कटॉप आजही दुरुस्तीला सर्वांत सोपा. आणि घरात पडून असलेला जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातली रॅम काढून बघा. आजच्या दरात तिला गिऱ्हाईक मिळू शकतं.

'पीसी बिल्डिंग सिम्युलेटर' खेळलेल्या मुलांना एवढं तरी कळलं, की कॉम्प्युटर उघडता येतो आणि आतलं आपल्याला समजू शकतं. दुकानात जाऊन ते "यातली रॅम वाढवता येईल का?" असं विचारू लागले, तर विकणाऱ्यालाही उत्तर तयार ठेवावं लागेल.