प्रशांत किशोर यांचे शून्य आणि आपल्या मुलांच्या हातातला टॅब

बिहारच्या २०२५ च्या विधानसभा निवडणुकीत जन सुराज पक्षाने २३८ जागा लढवल्या आणि एकही जिंकली नाही. बहुतेक उमेदवारांची अनामत रक्कमही गेली. हा पक्ष प्रशांत किशोर यांचा, म्हणजे दुसऱ्यांना निवडून आणण्यात ज्यांचे नाव झाले त्या माणसाचा. ते स्वतः उभे राहिलेच नाहीत.

त्यांचा प्रवास पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या सार्वजनिक आरोग्याच्या कामातून ते आले. २०१४ ला नरेंद्र मोदींसाठी ‘चाय पे चर्चा’, पुढच्याच वर्षी मोदींच्या विरोधात नितीश-लालू. मग पंजाबात अमरिंदर सिंग, आंध्रात जगन मोहन रेड्डी, दिल्लीत केजरीवाल, आणि २०२१ ला एकाच वेळी ममता बॅनर्जी व स्टॅलिन. गिऱ्हाईक बदलत गेले, पद्धत तीच राहिली: सर्वेक्षण, जातीची गणिते, एक चेहरा, एक घोषणा. उत्तर प्रदेशात काँग्रेससाठी त्यांनी ‘खाट सभा’ घडवली, तेव्हा सभा संपल्यावर लोक खाटाच उचलून घेऊन गेले. २०१७ ला ४०३ पैकी ७ जागा आल्या. माध्यमे त्यावर हसली. आम्हाला त्यात लोकांचा चोख हिशेब दिसतो: भाषण तुमचे, खाट आमची.

एक श्रेय द्यायला हवे. नागरिकत्व कायद्याला त्यांनी उघड विरोध केला आणि २०२० मध्ये नितीश यांच्या पक्षाने त्यांना काढून टाकले.

पण पक्ष काढताना दलित समाजातले माजी राजदूत मनोज भारती यांना कार्याध्यक्ष केले, तेव्हाही चेहऱ्याचेच गणित होते. शून्याची लाज नसते. १९८४ च्या लोकसभेत बसपालाही शून्यच मिळाले होते. फरक असा की कांशीराम साहेबांकडे त्याआधी सहा वर्षांचे बामसेफ होते, पगारातून वर्गणी देणारे कर्मचारी होते, सायकलवरून गावोगाव जाणारे कार्यकर्ते होते. शून्यानंतरही ते घरी गेले नाहीत. १९८९ ला बसपाचे तीन खासदार निवडून आले. पगारी यंत्रणा मात्र कंत्राट संपले की उठते.

हे आपल्याला का सांगतोय? निवडणूक आली की आपल्या वस्त्यांमधली एमएसडब्ल्यू, बीए झालेली मुले अशाच कंपन्यांकडे चार-पाच महिन्यांसाठी लागतात. हातात टॅब, दारोदार प्रश्न: जात कोणती, रेशन मिळते का, मागच्या वेळी मत कुणाला? काम वाईट नाही, पैशांची गरजही खरी आहे, त्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण दार उघडते ते त्यांच्या ओळखीमुळे. ‘आपलाच पोरगा आहे’ म्हणून आजी सगळे सांगून टाकते.

मतदान झाले की टॅब परत जमा होतो आणि वस्तीची सगळी माहिती कंपनीकडे जाते. आणि त्याच वस्तीतल्या विहारात, मतदार यादीतून किती जणांची नावे गळाली याची साधी वहीसुद्धा नसते.